श्यामलाबाईंचा चार्ज

३ नोव्हेंबर, सोमवार

आज रुजू झाले. ऑफिस दहाचं, मी सव्वानऊलाच फाटकात. अप्पा सोबत आले होते. दाजीबानपेठेत कापडाच्या गाठी उचलणारे अप्पा आज दुकानात सुट्टी सांगून, इस्त्रीचा सदरा घालून चिगरी बसनं हुबळीहून धारवाडला आले आणि फाटकाशी पोचल्यावर आत यायला तयार होईनात. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. सरकारी ऑफिसात कसं शिरायचं हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तेवढ्यात एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ स्कूटरवरून उतरले. काय चाललंय ते त्यांनी बघताक्षणी ओळखलं, अप्पांच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं आणि स्वतःची खुर्ची दिली. ते आमचे अधीक्षक, मुकुंदराव. अप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि चहा संपेपर्यंत कपाळ पुसत राहिले. जाताना मला म्हणाले, माणसं देवासारखी आहेत, त्यांच्या मर्जीत राहा.

ऑफिस मळमड्डीत आहे. एकच लांब खोली, पाच टेबलं, माणसं माझ्यासकट चार. साहेबांचं मुख्य ऑफिस दुसरीकडे, ते आठवड्यातून एकदा येतात. मुकुंदरावांच्या शेजारी जयलक्ष्मी अक्का. त्यांनी आल्याआल्या माझा डबा उघडून बघितला आणि आईच्या हातची भाकरी बघून त्यातली अर्धी आपल्याकडे ठेवून घेतली. मग प्रभंजन, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, कॉम्प्युटरवर असतो. मला दाराजवळचं लहान टेबल मिळालं. येणाऱ्या प्रत्येक कागदाला आवक नंबर द्यायचा, हे माझं काम. काम सोपं आहे पण चुकायला नको. आज बावीस कागद नोंदवले आणि तीनदा तपासले.

पाचवं टेबल खिडकीशी, कोपऱ्यात आहे. सगळ्यांत मोठं. काच पुसलेली, खुर्चीवर उशी, तांब्यात ताजं पाणी. तिथं कोण बसतं असं मी विचारलं. मुकुंदराव म्हणाले, त्याचा चार्ज अजून कुणी घेतलेला नाही. चार्ज म्हणजे काय हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. सरकारी टेबल असं उठून सोडता येत नाही. जाणाऱ्यानं वस्तूंची आणि राहिलेल्या कामांची यादी करायची, घेणाऱ्यानं ती एकेक करून तपासायची आणि सही करायची. सही झाली की जाणारा मोकळा. तोवर बदलीचा हुकूम खिशात असला तरी तो तिथलाच.

ही वही प्रशिक्षणात मिळाली. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की नोकरीत मन साचतं, ते रोज थोडं कागदावर काढावं. माझं अजून काही साचलेलं नाही. पण दिलेली वही कोरी ठेवणं बरं दिसत नाही. ऑफिसात सगळं कानडीत, इथं मात्र घरच्या मराठीत लिहीन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

हजेरीपुस्तकात मी सगळ्यांच्या नंतर सही केली, तेव्हा वर तीन सह्या असायला हव्या होत्या. चार होत्या. चौथं नाव श्यामला. बारीक, गोल, एकही अक्षर रेघेच्या बाहेर नाही अशी सही. कुणी सकाळी सही करून बाहेरच्या कामाला जात असेल, असं मी धरलं.

साडेपाचला सगळे उठले. मुकुंदरावांनी चष्म्याची डबी खिशात टाकली, कोपऱ्याकडे वळले आणि म्हणाले, येतो अक्का. प्रभंजननंही तसंच म्हटलं. मला वाटलं जयलक्ष्मी अक्कांना म्हणताहेत. पण अक्का स्वतःच पिशवी घेऊन कोपऱ्याकडे वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, येते हं श्यामला.

नवीन माणसानं लगेच सगळं विचारू नये.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वरून परिपत्रक आलंय. कामाच्या जागेचं वातावरण कसं आहे, कर्मचारी मनानं आणि शरीरानं बरे आहेत का, याची पाहणी. प्रत्येकानं नाव न घालता फॉर्म भरायचा. गोळा करायचं काम मुकुंदरावांनी माझ्याकडे दिलं. मी पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याला फट पाडली, चार फॉर्म मोजून वाटले.

चौघंही आपापल्या टेबलावर वाकून भरत होते, म्हणजे तिघं आणि मी. जयलक्ष्मी अक्कांच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्यांची तीन पाकिटं आहेत. प्रभंजनच्या बोटांना नखं उरलेली नाहीत, कातडीपर्यंत खाल्ली आहेत. मुकुंदरावांनी तीन वर्षांत एक रजा घेतलेली नाही, हे ते अभिमानानं सांगतात आणि सांगताना पापणी फडफडते. भरताना प्रभंजननं विचारलं की चौथ्या प्रश्नाला काय लिहायचं. मुकुंदराव हसून म्हणाले, सगळीकडे आनंदी लिही, उगीच कुणाचा अभ्यास वाढवू नकोस.

मीही आनंदीच लिहिलं. ते खरंच आहे, अजून तरी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खोक्यात पाच फॉर्म निघाले.

मी चारच वाटले होते. कोरे किती उरले ते मोजले, तेही बरोबर. चार फॉर्मांवर आनंदी, आनंदी, आनंदी. पाचवा बारीक गोल अक्षरात, सगळा भरलेला.

कामावर आल्यावर कसं वाटतं? जड.

ताण आला तर कुणाला सांगता? सांगितला. सगळ्यांनी प्रेमानं ऐकून घेतला.

आपल्या स्वास्थ्यासाठी कार्यालयानं काय करावं? मला मोकळं करावं.

ऑफिसात आलेला कागद नोंदवायचा, हा नियम. मी त्यावर शिक्का मारला आणि नंबर टाकला, ११४७. नंतर वाटलं, आधी विचारायला हवं होतं का. पण नियमात तसं कुठं लिहिलेलं नाही. घरी येऊन पुन्हा वाचलं. नाही लिहिलेलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

मुकुंदरावांपुढे फॉर्म ठेवला. त्यांनी अक्षर बघितलं आणि चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. फक्त विचारलं, “नंबर टाकलास?”

मी हो म्हटलं.

“नंबर टाकलेला कागद मरत नाही, कमल.” एवढं म्हणून त्यांनी तो माझ्याकडे परत दिला.

जेवणाच्या सुट्टीत जयलक्ष्मी अक्कांनी मला मागच्या पायरीवर बसवून सगळं सांगितलं. श्यामलाबाई त्या टेबलावर अकरा वर्षं होत्या. गदगला त्यांची आई अंथरुणावर, म्हणून बदली मागितली, हुकूमही आला. पण त्या टेबलाला तिघांचं काम. चार्ज घेईल तो अडकेल, हे सगळ्यांना ठाऊक. मुकुंदराव म्हणाले, मार्च होऊ दे. अक्का म्हणाल्या, माझ्या मुलीचं लग्न होऊ दे. प्रभंजन तेव्हा नवा होता, त्यानं हात जोडले. कुणी त्यांना वाकडं बोललं नाही. डब्यातलं काढून दिलं, डोकं दुखलं तर बाम लावला, फक्त सही कुणी केली नाही. दोन वर्षं हुकूम खणात राहिला. आई गेली तेव्हा श्यामलाबाई इथंच होत्या. मग एका दुपारी साडेतीनला त्या टेबलावरच कोसळल्या आणि चार दिवसांनी दवाखान्यातच वारल्या.

दुसऱ्या सोमवारी हजेरीपुस्तकात त्यांची सही होती. कुणाची तरी थट्टा म्हणून मुकुंदरावांनी ती खोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाव काढून टाकलं, नाव परत आलं. मी विचारलं, मेलेलं माणूस कसं येईल. अक्का खरकट्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या,

“तिला जा म्हटलंच नाही की ग कुणी.”

११ नोव्हेंबर, मंगळवार

टपालाच्या ट्रेमध्ये सर्वांत वर एक कागद होता. स्मरणपत्र एक. संदर्भ, आवक क्रमांक ११४७. आपल्याकडून अद्याप कार्यवाही नाही. खाली सही, बारीक, गोल.

प्रभंजनला दाखवलं. त्यानं खुर्ची दुसरीकडे वळवली. म्हणाला की दोन वर्षं सगळं शांत होतं, नंबर टाकायची काय गरज होती मॅडम तुम्हाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

स्मरणपत्र दोन. ट्रे मी काल रिकामा करून उलटा ठेवला होता. आज सरळ होता. बोट लावलं तर शाई बोटाला आली.

दुपारी साडेतीनला एक गोष्ट लक्षात आली. त्या वेळी खोलीत तिघांच्याही माना खाली जातात. कुणी वर बघत नाही, टाइप करणं थांबतं. मीही खाली बघत राहिले. मग वाटलं, हे भित्रेपण आहे, आणि बघितलं. खिडकीतून लख्ख ऊन आलेलं. खुर्चीवरच्या उशीला मधोमध खळगा पडला होता. कुणीतरी बसल्यावर पडतो तसा. तो थोडा डावीकडे सरकला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्मरणपत्र तीन. या वेळी वर नाव आहे. कुमारी कमल गणपत शिंत्रे यांस.

माझं पूर्ण नाव इथं फक्त माझ्या सेवापुस्तकात आहे आणि ते मुकुंदरावांच्या कुलुपात असतं.

जेवण गेलं नाही. आई विचारत होती की तिथं कुणी त्रास देतं का. मी म्हटलं, नाही, सगळे फार चांगले आहेत. हे खरं आहे. हेच तर सांगता येत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथं.

माझी प्रोबेशनची दोन वर्षं आहेत. नंबर माझ्या हातचा, प्रलंबित कागद माझ्या नावावर. पण खरं कारण ते नाही. रात्रभर त्या बाईंचा विचार करत होते. एक सही. एवढंच त्यांना हवं होतं, आणि दोन वर्षांत एकाही चांगल्या माणसाला ती जमली नाही. मी घेते चार्ज. तिघांचं काम तर तिघांचं काम. मला कामाची भीती नाही.

मुकुंदरावांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. सोमवारी यादी करू म्हणाले. निघताना जयलक्ष्मी अक्कांनी मात्र जिन्याशी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, तंगी, धाकटी बहीण समजून सांगते, सोमवारी ताप आलाय म्हणून सांग. घरी राहा.

मी खोटं कसं सांगू?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज चार्ज घेतला. सगळं क्रमानं लिहिते. क्रमानं लिहिलं की भीती कमी होते.

यादी तीन पानांची, टाइप केलेली, अडतीस बाबी. कपाटाच्या किल्ल्या दोन. शिक्के चार. फायली, नंबरवार. मी एकेक वस्तू हातात घेऊन खूण केली. एक तासभर लागला. मागं चौथं पान टाचलेलं होतं. ते हातानं लिहिलेलं.

३९. डोकेदुखी, एक. रोज अकरापासून.
४०. डावा हात. दुपारनंतर जड.
४१. छातीतली कळ, एक. वाढती.
४२. झोप, नाही.

मी मुकुंदरावांकडे बघितलं. ते म्हणाले, ती आजारी होती बाळ, मनात येईल ते लिहायची, तू सही कर. आवाज फार मऊ होता. प्रभंजन कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडे बघत बसला होता. अक्का उठून बाहेर अंगणात गेल्या.

या बाबी वस्तू नाहीत, तपासता येत नाहीत. त्यांच्यापुढे तसं लिहायला हवं होतं. ‘तपासले नाही’, दोन शब्द. मला सुचलंही होतं. पण चार्ज देणाऱ्याच्या जागी मघाशी कोरं होतं तिथं आता सही होती, ओली, आणि सगळे थांबले होते. इतक्या वर्षांनी एका बाईला जायचं होतं आणि मी दोन शब्दांसाठी तिला अडवू? मी सही केली.

उशीचा खळगा हळूहळू भरून आला. तिघांनीही बघितलं. मग मुकुंदरावांनी मोठा श्वास सोडला आणि सगळ्यांसाठी चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी मागवली. किती हसले सगळे. अक्का सोडून.

मला त्या खुर्चीवर बसवलं. उशी ऊबदार होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हजेरीत चारच सह्या. श्यामला हे नावही नाही, तिथं कधी काही लिहिलं होतं असं कागदावरून वाटत नाही.

अकराला डोकं दुखायला लागलं. घड्याळात बघितलं, अकराच. ऊन लागलं असेल.

झोप आली नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डोकं, अकराला. जेवणानंतर डावा हात. दुखत नाही, जड आहे. दुसऱ्या कुणाचा हात मांडीवर ठेवून द्यावा तसा. सप्तापूरच्या डॉक्टरांकडे गेले. ईसीजीची पट्टी काढली, सगळं ठीक म्हणाले. नवीन नोकरी आहे का, ताण घेऊ नका.

अक्कांनी बाम लावून दिला. प्रभंजननं पंखा कमी केला. मुकुंदरावांनी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. किती काळजी घेतात. मला ओरडावंसं वाटलं, ओरडले नाही.

रजेचा अर्ज केला. मुकुंदराव पाठीवर हात ठेवून म्हणाले, घे की रजा, पण चार्ज कुणाकडे देणार?

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज गेले नाही. अर्ज मंजूर नसताना घरी राहणं चूक आहे, ठाऊक आहे, तरी गेले नाही. अप्पा दुकानात गेले. आई साड्यांना फॉल लावत माझ्या उशाशी बसली होती.

अकराला डोकं. घरी सुद्धा.

जयलक्ष्मी अक्कांना फोन केला, बरं नाही म्हणून सांगायला. त्या बोलेचनात. मला वाटलं फोन कटला. मग अगदी हळू, तोंडावर हात धरून बोलल्यासारख्या म्हणाल्या —

“कमल, तू इथं बसली आहेस.”

मी काय म्हटलं आठवत नाही. त्या म्हणत होत्या, दहाला आलीस, सही केलीस, बोलत नाहीस, खाली बघून लिहिते आहेस, आणि आत्ता या क्षणी तू माझ्याकडे मान वर —

फोन ठेवला.

आई विचारते आहे बोटांना काय लागलंय. जांभळं. शिक्क्याची शाई. आज मी शिक्क्याला हात लावलेला नाही. मी अंथरुणातून उठलेली नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. न येऊन उपयोग काय. हजेरीत माझी सही आधीच होती.

११.०० — डोकं.

१२.४० — नवीन मुलगी आली आहे. श्रीलक्ष्मी. रायचूरकडची, आजच रुजू. गालावर खळी, हातात नवी पर्स. मुकुंदराव तिला म्हणत होते, कोपऱ्यातलं टेबल घे, खिडकी आहे, वारा येतो. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, तुझ्यासाठीच करतोय बाळ, तुझे हाल बघवत नाहीत. खरंच करताहेत माझ्यासाठी. यादी टाइप करून आणली आहे. माझ्या वेळी केली नव्हती एवढ्या घाईनं.

२.१५ — हात गेला. बोटं हलत नाहीत. वही मांडीवर, उजव्या हातानं लिहिते आहे.

यादीला मागं एक पान टाचलेलं. अक्षर माझं. मी लिहिलेलं नाही. डोकेदुखी, हात, कळ, झोप. त्याखाली एक नवीन — ४३. अप्पांना खरं सांगणं, राहिलेलं.

देणाऱ्याच्या जागी माझी सही आहे. ओली.

२.५० — कळ. श्वास अर्धाच — आत जात नाही —

ती खुणा करते आहे. किल्ल्या. शिक्के. मन लावून, एकेक. मी अशीच —

तिनं सही केली की मी मोकळी. घरी जाईन. आज रात्री झोपेन. मला हवं आहे. इथं तरी खोटं लिहीत नाही, मला फार हवं आहे.

३.२० — अडतीस झाल्या. पान उलटलं. मुकुंदरावांकडे बघते आहे. ते हसून म्हणाले, आजारी आहे ती, मनात येईल ते लिहिते.

नको म्हणायचं आहे. तोंड उघडतं, आवाज येत नाही. अक्का बघताहेत. अक्का, तुम्ही तरी — मान खाली घातली. सगळ्यांनी घातली.

पेन उघडलं तिनं.

मी मोकळी होऊन कुठं जाऊ, हिला इथं बसवून —

वही दाखवली. बघितली, हसली, मान हलवली. तिला मराठी वाचता येत नाही. कानडीत लिहायला हवं. सही करू नकोस, पळ, एवढंच. इथंच खाली लिहिते, मोठ्या अक्षरात, आणि पान फाडून तिच्या हाता